अंगावर काढलेलं दुखणं फॉर्ममध्ये कुठे भरायचं?

पीएच.डी.च्या मुलाखतीला जाताना जो प्रस्ताव लिहावा लागतो, त्यात डिझाइन आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा एक लाडका विषय असतो: रुग्णांनी आपले आजारपणाचे अनुभव एकमेकांना सांगावेत म्हणून असलेल्या ऑनलाइन जागेची पुनर्रचना. विषय चांगला आहे. माझ्याही पहिल्या मसुद्यात तोच होता. मी लिहिलं होतं, ‘वापरकर्ता : ग्रामीण रुग्ण. क्षेत्र : पाबळ, तालुका शिरूर.’ मार्गदर्शकांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी एवढंच लिहिलं, ‘बाई की पुरुष? फोन कुणाचा?’

त्या दोन प्रश्नांनी माझा मसुदा मोडला. का मोडला, ते आज सांगते. तुमचा प्रस्ताव अजून लिहून व्हायचा असेल तर उत्तमच.

आधी नेहमीचा साचा बघा. जुनी रचना गोंधळाची आहे असं म्हणायचं. दहा-बारा जणांच्या मुलाखती घ्यायच्या. नवा आराखडा करायचा. मग ‘सिस्टिम युझेबिलिटी स्केल’ नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची, शून्य ते शंभरमध्ये गुण काढायचे, नव्या रचनेला जास्त गुण मिळाले की प्रबंध संपला. यात खोटं काही नाही. पण ही प्रश्नावली वस्तू वापरायला सोपी वाटली का, एवढंच मोजते. तिचा उपयोग झाला का, कुणाला झाला, आणि जे आलेच नाहीत ते का आले नाहीत, हे तिला विचारताच येत नाही. आरोग्याच्या बाबतीत तर न आलेला माणूसच बहुतेक वेळा सगळ्यात आजारी असतो.

म्हणून या क्षेत्रातली दोन नावाजलेली उदाहरणं आधी नीट तपासू, आणि मग ती घेऊन पाबळला जाऊ.

आकड्यांची जागा

पहिलं उदाहरण अमेरिकेतलं ‘पेशंट्सलाइकमी’. स्टीफन हेवूड या तरुणाला १९९८ मध्ये एएलएस हा मज्जातंतूंचा आजार झाला. त्याच्या भावांनी एका मित्राच्या साथीने २००४ मध्ये ही कंपनी काढली. इथे रुग्ण नुसती गोष्ट सांगत नाही, तो नोंद ठेवतो. एएलएससाठी डॉक्टर वापरतात तीच बारा प्रश्नांची, ४८ गुणांची मोजपट्टी रुग्ण स्वतः भरतो. बोलता येतं का, गिळता येतं का, जिना चढता येतो का. औषधं आणि त्यांची मात्राही तो लिहितो.

याचा फायदा काय, हे २००८ मध्ये दिसलं. इटलीतल्या एका छोट्या चाचणीतून असं पुढे आलं की लिथियममुळे हा आजार सावकाश वाढतो. त्या चाचणीत लिथियम घेणारे होते फक्त १६. बातमी कळताच अनेक रुग्णांनी आपल्या डॉक्टरांकडून लिथियम सुरू करून घेतलं आणि नोंदी ठेवल्या. पेशंट्सलाइकमीच्या संशोधकांनी लिथियम घेणारे १४९ जण निवडले. प्रत्येकाशी आजाराची आधीची चाल जुळणारे, पण लिथियम न घेणारे रुग्ण शोधून तुलना केली. बारा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. हे २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आलं, आणि रीतसर चाचण्यांचा निष्कर्षही तोच निघाला.

संशोधनाचा विद्यार्थी म्हणून यातून एक गोष्ट उचला. इथे फॉर्मची रचना हीच संशोधनाची रचना होती. आधीची चाल नोंदलेली होती म्हणूनच नंतरची तुलना शक्य झाली. कुठले रकाने ठेवायचे हे ठरवणारा माणूस पुढे कुठले प्रश्न विचारता येतील हे ठरवत असतो.

आता उणी बाजू. नोंद ठेवणारे लोक स्वतःहून आलेले होते. इंटरनेट असलेले, लिहू-वाचू शकणारे, आकड्यांत आपला आजार पाहण्याची सवय असलेले. जुळवणीच्या गणितात आजाराची चाल जुळवता येते. जे मुळात आलेच नाहीत त्यांची जुळवणी कशाशी करणार? दुसरं, ही कंपनी रुग्णांच्या नोंदी औषध कंपन्यांना विकते हे तिने लपवलं नव्हतं. पण २०१० मध्ये नील्सन या कंपनीने तिथली मानसिक आजारांवरची चर्चा परस्पर उपसून नेल्याचं उघड झालं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपण दिवाणखान्यात नाही, चौकात बोलत होतो. २०१९ मध्ये ही कंपनी युनायटेडहेल्थ या विमा क्षेत्रातल्या बलाढ्य समूहाकडे गेली. भावासाठी सुरू झालेली वही विमेवाल्यांच्या कपाटात पोचायला पंधरा वर्षं लागली. तुमच्या प्रस्तावात ‘संमती’ या शीर्षकाखाली लिहाल तेव्हा हे आठवा. संमती आजच्या मालकाला दिलेली असते. उद्याचा मालक कोण, हे सही करणाऱ्याला माहीत नसतं.

गोष्टींची जागा

दुसरं उदाहरण ऑक्सफर्डचं. अ‍ॅन मॅक्फर्सन या डॉक्टर. त्यांना स्तनांचा कर्करोग झाला. अँड्र्यू हर्क्सहायमर हे औषधशास्त्रज्ञ, त्यांचा गुडघा बदलला होता. आजाराची सगळी माहिती असूनही ‘माझ्यासारख्या दुसऱ्याला कसं वाटलं’ हे कुठेच मिळत नाही, हा दोघांचा अनुभव. त्यातून २००१ मध्ये जे सुरू झालं तेच आज ‘हेल्थटॉक’ म्हणून ओळखलं जातं.

यांची पद्धत अगदी उलटी. येईल त्याला लिहू द्यायचं नाही, आपण शोधत जायचं. एका आजारासाठी साधारण ३५ ते ५० माणसं, तीही एकमेकांपासून शक्य तितकी वेगळी. वय, वर्ग, उपचार, घरची स्थिती सगळं वेगवेगळं. संशोधक घरी जाऊन तासन्‌तास ऐकतो. मग मुलाखतीचा लेखी मसुदा सांगणाऱ्याकडे परत जातो. नको तो भाग त्याने काढायचा, मगच प्रसिद्धी.

प्रस्तावात ‘सखोल मुलाखती घेऊ’ एवढंच लिहून थांबणाऱ्यांनी ही पद्धत मुळातून अभ्यासावी. मसुदा परत पाठवणं ही नुसती सभ्यता नाही. रात्री बोललेलं सकाळी नको वाटण्याचा हक्क त्यात आहे. पण इथेही उणीव आहे. हे काम संथ आणि खर्चिक. शिवाय रुग्ण एकमेकांशी बोलत नाहीत. ते संशोधकाशी बोलतात आणि बाकीचे ऐकतात.

दोन्ही जागांमध्ये एक गृहीतक मात्र सारखं आहे, आणि माझा मसुदा मोडला तो तिथेच. दोघीही धरून चालतात की माणसाला आपला आजार माहीत आहे. त्याला नाव आहे, तपासणी झाली आहे, आता फक्त सांगायचं आहे.

जे कुणी सांगितलंच नव्हतं

मराठीत एक वाक्प्रचार आहे, ‘दुखणं अंगावर काढणं’. दुखतंय हे माहीत आहे, पण बोलायचं नाही, दवाखान्यात जायचं नाही, कामं चालू ठेवायची. आपल्याकडे, विशेषतः बायकांच्या बाबतीत, आजारपणाचा अनुभव म्हणजे बऱ्याचदा हाच. मग मला सांगा, तुमच्या नव्या सुबक फॉर्ममध्ये याचा रकाना कुठला? ‘निदानाची तारीख’ हा रकाना सगळेच ठेवतात.

हा माझा कल्पनाविलास नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीने तो वाचायला हवा. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. आणि त्याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के. स्त्रीरोगाची काही तक्रार असलेल्या ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्यांची तक्रारच नव्हती.

आता कल्पना करा, त्या काळी त्या गावांत सगळ्यांकडे फोन असते आणि कुणी तरी सुंदर रचनेची, मराठीतली, मोठ्या अक्षरांची जागा उभी केली असती. तिथे किती नोंदी आल्या असत्या? आणि आलेल्या नोंदींवरून संशोधकाने काय निष्कर्ष काढला असता? कदाचित हाच, की गावात स्त्रीरोगांचं प्रमाण कमी दिसतं. सांगितलेलं मोजलं की न सांगितलेलं नाहीसं होतं. बंग दांपत्याचा अभ्यास उभा राहिला तो तपासणीवर, आणि तपासणीला बायका याव्यात एवढा विश्वास आधी मिळवण्यावर.

पाबळला काय सापडतं

मग पाबळ. शिरूर तालुक्यातलं, खेडच्या हद्दीजवळचं, कमी पावसाचं गाव. मस्तानीच्या कबरीमुळे इतिहासवाल्यांना माहीत असतं, आणि विज्ञान आश्रमामुळे आपल्यासारख्यांना. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००३ मध्ये जाईपर्यंत ते इथेच राहिले. २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते.

मी पाबळ निवडलं होतं ते या तंत्रज्ञानाच्या नावाखातर. ‘तंत्रज्ञान-स्नेही गाव’ असा शब्दही मसुद्यात घातला होता. चूक तिथेच झाली. आश्रमाच्या कामात शिकण्यासारखं जे आहे ते यंत्रांपेक्षा क्रमात आहे. आधी गावातली अडचण, मग मोजमाप, मग वस्तू. पाणी कुठे लागेल हे सांगता यावं म्हणून जमिनीचा विद्युतरोध मोजणं. दुधाचा कस मोजण्याची साधनं, कारण मोजमाप डेअरीच्या हातात असलं की शेतकऱ्याला समोरचा सांगेल तो आकडा घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांनी गावाला उपयोगी सेवा देत शिकायचं, हे तिथल्या शिक्षणाचं मूळ तत्त्व. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि शेती-पशुपालनाबरोबर तिथे गृह-आरोग्य हा चौथा विभाग असतो, आणि त्यात विद्यार्थी रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात.

हे हिमोग्लोबिन आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याच सर्वेक्षणात, कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया राज्यात ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के. ग्रामीण स्त्रिया घ्या, प्रमाण २३.७ टक्क्यांवर येतं. ती फेरी होऊन काही वर्षं झाली, आकडे वाढले असतील. तरी ‘कधी तरी वापरलं’ आणि ‘स्वतःच्या फोनवर, एकटीने, स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिलं’ यातलं अंतर कुठलाही आकडा आपोआप भरून काढत नाही.

समजा, पाबळच्या परिसरातली एक बाई आहे. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. विचारलं तर म्हणेल, “काम आहे तर थकवा असणारच की.” ती रुग्ण नाही, निदान स्वतःच्या लेखी तरी नाही. ‘रुग्णांसाठीच्या’ कुठल्याही जागेत ती शिरणार नाही, कारण दारावरची पाटी तिची नाही. तिच्या बोटातला थेंबभर रक्त तपासून आकडा तिच्या हातात दिला, तर पहिल्यांदा थकव्याला नाव मिळतं. नाव मिळाल्यावरच शेजारणीला विचारता येतं, “तुझं किती आलं गं?” अनुभवाची देवाणघेवाण सुरू होते ती या प्रश्नापासून.

म्हणजे माझ्या पुनर्रचनेला जी जागा सुरुवातीची वाटत होती ती प्रत्यक्षात तिसरी पायरी होती. आधी मोजणं, मग नाव मिळणं, मग सांगणं.

आणि उत्तर कोण देणार?

चौथी पायरी उरते. बाईने सांगितलं, लोहाच्या गोळ्या दवाखान्यात मिळाल्या नाहीत. पुढे काय? पेशंट्सलाइकमीत तिला आपल्यासारखे आणखी शंभर जण दिसतील. हेल्थटॉकवर तिचा अनुभव जपून ठेवला जाईल. गोळ्या दोन्हीकडे मिळणार नाहीत.

इथे महाराष्ट्राकडे स्वतःचं उदाहरण आहे, आणि प्रस्तावांत ते मला जवळजवळ कधीच दिसत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली. सुरुवातीच्या पाच जिल्ह्यांत पुणे जिल्हा होता, आणि राज्यपातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं. चांगलं ते हिरवं, बरं ते पिवळं, वाईट ते लाल. मग जनसुनवाई. लोक अनुभव सांगणार, आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी तिथेच उत्तर द्यायचं. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो, हा रचनेचा भाग झाला. माझ्या मते त्याहून मोठी रचना म्हणजे समोरची खुर्ची. तिच्यावर उत्तर देण्याची जबाबदारी असलेला माणूस बसलेला असतो.

टीका इथेही करायला हवी. जनसुनवाईत सेवेबद्दल बोलता येतं: औषध बाहेरून आणायला लावलं, पैसे मागितले, कुणी जागेवर नव्हतं. अंगावरून जातं, मूल राहत नाही, रात्री झोप लागत नाही, हे मांडवात माइकवर बोलता येत नाही. त्यासाठी लहान, बंद, ओळखीची जागा लागते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे स्वमदत गट ती देतात. सभा, घरभेटी, स्मरणिका आणि आता व्हॉट्सअ‍ॅप गट. या गटांच्या मराठीत दोन शब्द आहेत, ‘शुभार्थी’ म्हणजे आजार असलेला आणि ‘शुभंकर’ म्हणजे त्याची काळजी घेणारा. शब्द गोड आहेत म्हणून सांगत नाही. आजारपणाचं एकक एक माणूस नसून किमान दोन माणसं असतात, हे या दोन शब्दांनी आधीच मान्य केलं आहे. आपले फॉर्म मात्र अजून ‘रुग्णाचे नाव’ या एका रकान्यावर अडलेले आहेत.

नाव झाकून भागत नाही

आता पेन्सिलवाल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, फोन कुणाचा? घरात फोन एक आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल, तर पासवर्डने काय झाकणार? आणि समजा फोन तिचाच आहे, नावही लिहिलं नाही. ‘शिरूर तालुका, वय ३४, दोन मुली, गर्भपिशवी काढली.’ पुण्यात बसून वाचणाऱ्याला ही कुणीही बाई आहे. तिच्या वाडीतल्या माणसाला ती एकच बाई आहे. संगणकशास्त्रज्ञ लॅटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की फक्त पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख मिळून अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांची ओळख एकेकटी ठरू शकते. गावात तर जन्मतारीखही लागत नाही, दोन मुली पुरतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही प्रस्तावात उद्धृत करालच, करायलाच हवीत. पण त्यांचं पालन संमतिपत्रावर अंगठा घेऊन संपत नाही. कुठला तपशील ढोबळ करायचा, कुठला मुळात विचारायचाच नाही, हे रचनेचे निर्णय आहेत. ते परिशिष्टात ढकलू नका.

तर प्रस्तावात काय लिहाल?

विषय सोडा असं मी म्हणत नाही. तो लहान करा. ‘ग्रामीण रुग्णांसाठी ऑनलाइन समुदायाची पुनर्रचना’ यावर तीन-चार वर्षांत हाती काही लागणार नाही. ‘हिमोग्लोबिनचा आकडा हातात मिळाल्यावर बायका तो कुणाला सांगतात, कुणापासून लपवतात आणि दवाखान्यात परत जातात का’, यावर लागेल. त्यातून कदाचित फोनवरची जागा निघेल, कदाचित दुपारी जमणारा दहा बायकांचा गट, कदाचित अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता. कुठलं साधन हे शेवटी ठरू द्या. शीर्षकात साधन आधीच लिहून टाकलं की तुम्ही गावात जाता ते उत्तर घेऊन, आणि मग त्याला प्रश्न शोधत बसता.

मोजायचं काय तेही बदला. सोपेपणाचे गुण जरूर घ्या. पण त्यांच्याशेजारी हे तीन आकडे ठेवा: जे आले नाहीत ते किती, तक्रारीला उत्तर मिळालेले किती, आणि आपलं सांगणं नंतर मागे घेतलेले किती. तिसरा आकडा शून्य आला तर खूश होऊ नका. मागे घ्यायची सोय सापडली का, हे आधी तपासा.

आणि एक इशारा, स्वतःलाही देते. पाबळचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. आकडा हातात आला आणि गोळ्या आल्याच नाहीत, तर आपण त्या बाईला फक्त एक नवीन काळजी देऊन आलो. तिचा थकवा आधी निनावी होता, आता त्याला नाव आहे आणि इलाज नाही. संशोधन म्हणून ते छापून येईलही. म्हणून माझ्या दुसऱ्या मसुद्यात तपासणीच्या आधीचं एक पान आहे, कमी आकडा आलेल्या बाईला त्याच आठवड्यात कुठे, कुणाकडे पाठवायचं याचं. ते पान अजून पूर्ण भरलेलं नाही. ते भरल्याशिवाय एकाही बोटाला सुई लावायची नाही, एवढं ठरवलं आहे.

तुमचा प्रस्ताव तयार असेल तर आज एक करा. त्यात जिथे जिथे ‘वापरकर्ता’ आहे तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी लिहा: बाई की पुरुष, फोन कुणाचा. जिथे उत्तर देता येणार नाही, तिथूनच तुमचं संशोधन सुरू करा.